सही तिची, जबाबदारी कोणाची?

एका नवजात बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा चौपट डोस जाता जाता राहिला, त्याला आता बरीच वर्षं झाली. चूक माझी होती. पण डोस गेला असता तर कागदावर ती एका नर्सची चूक ठरली असती.

मी तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. पावसाचे दिवस. ओढ्याला पाणी आलेलं. पलीकडच्या वाडीतून ना जीप बाहेर निघत होती, ना १०८ आत जाऊ शकत होती. तिथल्या उपकेंद्रातून सिस्टरांचा फोन आला. नऊ दिवसांचं बाळ, सकाळपासून अंगावर पीत नाही, हातपाय गार, रडण्यात जोर नाही, वजन अडीच किलो. हा जंतुसंसर्ग आहे हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती, त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, जेंटामायसिनचा पहिला डोस मांडीत द्या, सव्वा मिली. आमच्याकडे लहान मुलांची बाटली यायची, एका मिलीत १० मिलिग्रॅम. अडीच किलोच्या बाळाला साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा मिली. हा हिशेब मला तोंडपाठ होता.

फोनवर थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग सिस्टर म्हणाल्या, "सर, बाटलीवर चाळीस लिहिलंय."

आदल्या आठवड्यातल्या पुरवठ्यात मोठ्या माणसांची बाटली आली होती. उंची तेवढीच, पत्र्याचं टोपण तसंच, फक्त एका मिलीत ४० मिलिग्रॅम. मी सांगितलेल्या सव्वा मिलीत पन्नास मिलिग्रॅम गेलं असतं. हे औषध जास्त झालं की कानांवर आणि मूत्रपिंडांवर जातं. आम्ही दोघांनी फोनवरच पुन्हा हिशेब केला. लहान सिरिंजमध्ये पाव मिलीहून किंचित जास्त भरायचं ठरलं. सिस्टरांनी तो आकडा मला दोनदा म्हणून दाखवला आणि मगच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, बाळ जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचलं आणि वाचलं.

पुढच्या भेटीला गेलो तेव्हा रजिस्टर उघडलं. पहिला डोस दिला, रुग्ण पुढे पाठवला, आणि खाली सिस्टरांची सही. माझ्या फोनचा कुठे मागमूस नव्हता. मी म्हटलं, बाटली बदलून आली हे वर कळवायला हवं. त्या म्हणाल्या, "नको सर, लिहिलं की चौकशी लागते." मी भांडारात तोंडी सांगितलं आणि गप्प बसलो. आज त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती उपचार द्यावेत का, या प्रश्नावर आपल्याकडे जो वाद चालतो त्यात ही बाटली कुठेच येत नाही. वाद चालतो तो पदवीचा. राज्य सरकारने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथिक डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहून द्यायची वाट मोकळी केली. तेव्हापासून हे प्रकरण कोर्टात आणि रस्त्यावर आहे. २०२५ च्या जूनअखेर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने त्यांच्या नोंदणीची अधिसूचना काढली, जुलैत ती थांबवली गेली, सप्टेंबरात सरकारने पुन्हा नोंदणी करायला सांगितलं आणि १८ सप्टेंबरला राज्यातले ॲलोपॅथीचे डॉक्टर एक दिवस संपावर गेले. दोन्ही बाजू रुग्णाच्या सुरक्षिततेचं नाव घेत होत्या. खेड्यात डॉक्टर जात नाहीत, मग लोकांनी जायचं कुठे, असं एक बाजू विचारत होती. अर्धवट ज्ञानाने जीव जातील, असं दुसरी बाजू म्हणत होती.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण चूक झाल्यावर काय होतं, ती कुठे नोंदली जाते, तिची भरपाई कोण देतं आणि तीच चूक पुढच्या उपकेंद्रात होऊ नये म्हणून कोण काय करतं, हे दोघांपैकी कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. माझ्या मते रुग्णाची सुरक्षितता याच प्रश्नांत आहे. ज्याने काम सोपवलं त्याने जबाबदारीही उचलावी. आपण उलटं केलं आहे. काम खाली उतरवत गेलो, सहीही खाली उतरवली, आणि जबाबदारीही तिच्याबरोबर खालीच जाऊ दिली.

काम खाली उतरवणं मुळात चुकीचं नाही. याचा सगळ्यात भक्कम दाखला महाराष्ट्रातलाच आहे, आणि योगायोगाने त्यातही औषध जेंटामायसिनच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या, शाळेत जेमतेम पाच-दहा वर्षं गेलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजणं, वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि शेवटी जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ च्या आसपास असलेला नवजात मृत्यूदर २५ च्या आसपास आला होता. तेव्हाही अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या होत्या. बाळाला इंजेक्शन, आणि तेही गावातल्या बाईने?

हा दाखला देताना लोक अर्धाच देतात. गावातली बाईसुद्धा करू शकते, मग पदवीचं काय एवढं कौतुक, असं म्हणून मोकळे होतात. पण त्या बाईच्या मागे काय उभं होतं ते पाहायला हवं. इंजेक्शन पहिल्या दिवशी तिच्या हाती आलं नव्हतं. आधी नुसती नोंद, मग साधी काळजी, मग इंजेक्शन, अशी वर्षं गेली. कोणती लक्षणं दिसली तर द्यायचं हे ठरलेलं होतं. डॉक्टर पंधरा दिवसांनी गावात यायचे, तिच्या नोंदी तपासायचे, चुकलेलं दुरुस्त करून द्यायचे. आईबापांना काय करतोय ते सांगून संमती घेतली जात होती. आणि प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू मोजला जात होता. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ती पद्धत २०११ पासून आशाताईंच्या रूपाने देशभर गेली, इंजेक्शन मात्र वगळून. मला त्यात शहाणपण दिसतं. पंधरा दिवसांनी गावात जाणारा डॉक्टर देशभर पाठवणं जमणार नसेल, तर इंजेक्शनही पाठवू नये.

तिकडे छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून निघालेल्यांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून आरोग्य केंद्रांत नेमलं. २०१० मध्ये त्यांच्या कामाचं मूल्यमापन झालं तेव्हा प्राथमिक उपचारांत ते एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे ठरले, आणि आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या पद्धतींचे डॉक्टर त्या दोघांच्या मागे पडले. यातून तीन वर्षं पुरतात असा सरसकट अर्थ मी काढणार नाही. पण ज्या कामासाठी माणूस घडवला त्याच कामाला तो लावला, तर तो ते नीट करतो. दुसऱ्याच कामासाठी घडवलेल्या माणसाला वरून एक प्रमाणपत्र चिकटवलं, तर अडचण होते.

म्हणून सीसीएमपीबद्दल माझं मत प्रतिकूल आहे, आणि त्याचं कारण संपावर गेलेल्या माझ्या व्यवसायबंधूंच्या कारणापेक्षा वेगळं आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना औषधांची नावं आणि मात्रा वर्षभरात शिकता येतील, ते हुशार लोक आहेत. माझी काळजी अशी की तो डॉक्टर तालुक्याच्या बाजारपेठेत दवाखाना टाकून एकटा बसणार आहे. त्याच्या नोंदी पंधरा दिवसांनी कोणी तपासणार नाही. अडलं तर फोन लावायला त्याच्या वर ठरलेला माणूस नाही. तोच ताप टायफॉइड निघाला, डेंगी निघाला, तर कुठल्या टप्प्यावर रुग्ण आपल्या हातून सोडायचा, हे वर्गात बसून कळत नाही. आजारी माणसांच्या वॉर्डात, चुकल्यावर ओरडणाऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली राहून ते अंगात मुरतं. असा एकटा बसलेला नवखा एमबीबीएससुद्धा धोक्याचाच असतो, हे मी स्वतःच्या पहिल्या वर्षावरून सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत १९९६ मध्येच कडक भूमिका घेतली होती. पूनम वर्मा खटला म्हणून तो ओळखला जातो. मुंबईतल्या एका होमिओपॅथिक डॉक्टरने तापाच्या रुग्णाला आधी विषाणूजन्य ताप समजून आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली. रुग्ण १९९२ मध्ये गेला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्या शास्त्राची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको, असं न्यायालयाने म्हटलं आणि तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. त्यानंतर राज्याने कायदा बदलून त्या शास्त्राचं वर्षभराचं शिक्षण कागदावर आणलं. एका अर्थी निकालाने दाखवलेली फट बुजवली. पण ती डॉक्टरच्या बाजूने बुजवली. रुग्णाच्या बाजूला काहीच नवं आलं नाही. कसली नवी तपासणी नाही, कसलं विम्याचं बंधन नाही.

शहरातल्या लोकांना हे सगळं खेड्याचं वाटतं, म्हणून एक सांगतो. पुण्या-मुंबईच्या कितीतरी मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयांत रात्री दहानंतर वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग सांभाळणारे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, हे बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. नातेवाईक त्यांना डॉक्टर म्हणतात, तेही स्वतःला डॉक्टर म्हणतात, आणि ते डॉक्टर आहेतही. पण ज्या शास्त्राचे ते डॉक्टर आहेत ते शास्त्र त्या खोलीत चालत नसतं. फाइलवर नाव मोठ्या सरांचं. सर फोनवर सूचना देतात, आरएमओ त्या फाइलमध्ये लिहितो आणि खाली सही करतो. पहाटे चारला रक्तदाब कोसळला आणि फोन लागला नाही, तर जो निर्णय होतो तो त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराचा. त्याला त्याबद्दल मिळणारा पगार रुग्णाच्या एका दिवसाच्या बिलात भागतो. अशा मुलांना मी वाईट म्हणणार नाही. कित्येकांनी रात्री जीव वाचवलेले मी पाहिले आहेत. ज्यांनी पैसे वाचवायला त्यांना तिथे उभं केलं, त्यांना मी जाब विचारतो.

आता सरकारी बाजूकडे येऊ. २०१८ पासून उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झालं, पुढे २०२३ मध्ये नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, सगळे त्याला सीएचओ म्हणतात. बीएएमएस किंवा नर्सिंग झालेला, वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला, कंत्राटी. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा निकष. ही योजना चांगली आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. रक्तदाबाची गोळी घ्यायला म्हाताऱ्या माणसाला पंचवीस किलोमीटर एसटीने जावं लागत नाही, ही लहान गोष्ट नाही. सीएचओने स्वतः रक्तदाबाची गोळी सुरू करायची नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केलेली पुढे द्यायची. अडलं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर किंवा फोनवर डॉक्टरांशी बोलायचं. कागदावर ही साखळी नीट जोडलेली आहे.

निवृत्तीनंतर मी अशा मुलामुलींना शिकवायला जातो. तिथे एकीने विचारलं, "सर, एमओ सरांनी फोन उचलला नाही तर मी काय करायचं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, रुग्ण पुढे पाठवायचा. ती म्हणाली, पाठवते, पण दर आठवड्याला तीन पाठवले की आढावा बैठकीत विचारतात, तुम्ही तिथे कशाला बसलात? वर्ग हसला नाही. सगळ्यांना माहीत होतं.

साखळी कुठे तुटते ते इथे दिसतं. वैद्यकीय अधिकारी एक, त्याच्या हाताखाली पाच-सहा उपकेंद्रं, वर त्याची स्वतःची ओपीडी, शवविच्छेदनं, शिबिरं, जिल्हा परिषदेतल्या बैठका. फोन उचलणं हे त्याच्या कामाच्या यादीत मोजलं जात नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी येतं. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे, मीही कित्येकदा फोन उचलला नाही.

आणि चुकलंच तर? इथे कायदा काय म्हणतो ते वाचून मी थक्क झालो. जुन्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल दोन वर्षांची शिक्षा होती, डॉक्टर असो की ट्रकचालक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली, पण वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून मृत्यू झाला तर ती दोनच वर्षांपर्यंत ठेवली. नोंदणीकृत डॉक्टर कोण, याचा खुलासाही तिथेच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी आणि त्या कायद्याखालच्या राष्ट्रीय किंवा राज्य नोंदवहीत नाव. म्हणजे मी. नर्स नाही. बीएएमएस सीएचओ नाही. त्या पावसाच्या दिवशी हाच कायदा असता, डोस गेला असता आणि बाळ दगावलं असतं, तर सांगणाऱ्या मला कमाल दोन वर्षं आणि टोचणाऱ्या सिस्टरना कमाल पाच. खटला झालाच असता किंवा शिक्षा झालीच असती असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात फौजदारी गुन्ह्यासाठी चूक फार ढळढळीत असावी लागते असं ठरलं आहे. पण कायद्याने ज्याच्या डोक्यावर मोठी तलवार टांगली तो माणूस त्या खोलीत सगळ्यात कमी पगाराचा आणि सगळ्यात कमी अधिकाराचा आहे. ही तरतूद बदलायला हवी. वरिष्ठांच्या सूचनेनुसार किंवा सरकारने ठरवून दिलेल्या मर्यादेत काम करणाऱ्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला तोच न्याय मिळायला हवा जो मला मिळतो. संघटनेत माझ्या शेजारी बसणारे डॉक्टर ही मागणी करतील तर मला त्यांचा अभिमान वाटेल.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी उदास आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तो निकाल डॉक्टरांना आजही खुपतो. पण त्याच निकालात एक अपवाद आहे. जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत मिळतात तिथली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, नाममात्र नोंदणी शुल्क घेतलं तरी नाही. उपकेंद्र हे नेमकं तसंच ठिकाण. म्हणजे पैसे मोजून शहरात उपचार घेणाऱ्याला ग्राहक आयोगाचं दार आहे आणि ज्याच्याकडे उपकेंद्राशिवाय दुसरा पर्यायच नाही त्याला ते दार बंद. त्याने दिवाणी दावा लावायचा.

दिवाणी दावा म्हणजे काय, तेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून कळतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाईंचं बाळंतपण झालं, पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, आणि पोटात कापड राहिलं. त्या दोन आठवड्यांच्या आत गेल्या. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये द्यायला सांगितले, उच्च न्यायालयाने ते फिरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने अच्युतराव खोडवा खटल्यात १९९६ मध्ये ते पुन्हा द्यायला लावले. तेहतीस वर्षं. या निकालाचं मोल मोठं आहे, कारण रुग्णालयाच्या माणसांच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला हे सिद्ध झालं की सरकार जबाबदार, हे तिथे स्वच्छ ठरलं. तत्त्व हातात आहे, म्हणजे सरकारला नवं काही मान्य करायचं नाही. फक्त तेहतीस वर्षं लागू द्यायची नाहीत.

मला हवी आहे ती व्यवस्था अगदी साधी आहे. उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात हानी झाली तर सरकारने आधी भरपाई द्यावी, ठरलेल्या मुदतीत, रुग्णाला वकील लावायला न लावता. चूक कोणाची, हे त्यानंतर आतल्या आत शोधावं. रेल्वे अपघातात चालकाचा दोष सिद्ध होईपर्यंत प्रवाशाच्या घरच्यांना थांबवत नाहीत. इथे का थांबवायचं?

पण पैशांपेक्षा मला नोंदीची जास्त काळजी आहे. चूक होता होता राहिली अशा गोष्टी लिहायला एक वही असावी, आणि त्या वहीवरून कोणालाही कारणे दाखवा नोटीस जाणार नाही याची लेखी हमी असावी. त्या दिवशी अशी वही असती तर तालुक्यातल्या इतर उपकेंद्रांतल्या बाटल्या दोन दिवसांत तपासल्या गेल्या असत्या. औषधाची तीव्रता बदलली की खोक्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, लाल शाईत तसं लिहिलेलं असावं. डॉक्टरने फोनवर दिलेली सूचना मिलीत नसावी, मिलिग्रॅममध्ये असावी, ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवावी, आणि रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव आणि फोनची वेळ लिहिली जावी. याला खर्च शाईचा.

आणि समोर कोण बसलंय हे रुग्णाला कळावं. इंग्लंडमध्ये यावरून मोठं वादळ झालं. तिथे फिजिशियन असोसिएट नावाचा वर्ग आहे, पदवीनंतर दोन वर्षांचं शिक्षण घेतलेला. २०२२ मध्ये तीस वर्षांची एक तरुणी पाय दुखतो, दम लागतो म्हणून दोनदा दाखवायला गेली, दोन्ही वेळा फिजिशियन असोसिएटने तपासलं, आणि फुप्फुसात गेलेल्या रक्ताच्या गुठळीने ती गेली. आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही हे तिला कळलंच नव्हतं. मग प्राध्यापक गिलियन लेंग यांच्या अध्यक्षतेखाली सगळ्याचा फेरविचार झाला. जुलै २०२५ च्या त्यांच्या अहवालाने पदाचं नाव बदलून 'असिस्टंट' करायला सांगितलं, गणवेश आणि ओळखपत्र वेगळं करायला सांगितलं, आणि निदान न झालेला रुग्ण किरकोळ आजार सोडता या वर्गाने पहिल्यांदा पाहू नये असं सुचवलं. अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय स्वतंत्र काम करतात. पण त्यांच्या पाटीवर नर्स प्रॅक्टिशनरच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे पांढरा कोट दिसला की डॉक्टर. उपकेंद्रातल्या मुलीला लोक डॉक्टर मॅडम म्हणतात आणि तीही थकून दुरुस्त करायचं सोडते. भिंतीवर एक पाटी हवी. इथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, त्या या या गोष्टी करतात, या या करत नाहीत, छातीत दुखणं, दम लागणं, गरोदरपणात डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तान्ह्याने पिणं सोडणं, यासाठी थांबू नका, ताबडतोब पुढे जा. अशी पाटी असली की आढावा बैठकीत 'कशाला पाठवला' विचारणाऱ्याला तिच्याकडे बोट दाखवता येतं. ती रुग्णाचं रक्षण करते तेवढंच त्या मुलीचंही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातलं कलम ३२ वाचलं की वाटतं, लिहिणाऱ्याच्या मनात हे सगळं होतं. मर्यादित परवान्याचा समुदाय आरोग्य सेवक, त्याची संख्या डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरलेलीच औषधं त्याने स्वतः द्यायची, बाकी सगळं देखरेखीखाली. मर्यादा आणि देखरेख, दोन्ही शब्द कायद्यात आहेत. पण देखरेख करणारा चुकला, हजर नव्हता, फोन उचलला नाही, तर त्याचं काय, हे त्या कलमात नाही. मला तेच वाक्य हवं आहे.

नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला मी दोन बाटल्या घेऊन जातो. रिकाम्या, धुतलेल्या. वर्गात फिरवतो आणि प्रत्येकाला लेबल मोठ्याने वाचायला लावतो. दहा, चाळीस, दहा, चाळीस. मग ती गोष्ट सांगतो, माझ्या चुकीसकट. गेल्या वेळी मागच्या बाकावरच्या एकीने हात वर केला. तिच्या उपकेंद्रात महिन्याभरापूर्वी असंच काहीसं झालं होतं, सिरपच्या बाबतीत, वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. ते कुठे लिहायचं आणि कोणाला पाठवायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. तिच्याकडच्या एकाही रजिस्टरमध्ये त्याला रकाना नव्हता. मी तिला वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगितलं, तारीख घालून, आणि खाली माझी सही केली.